जर्मन भाषेतील परदेशी स्त्रीचे लेखन आणि प्रतिकार : इरावती कर्वे व एमिने सेवगी ओझदामार

जर्मन भाषेतील स्थलांतरितांच्या साहित्याचा विचार बहुधा 1961 च्या जर्मनी-तुर्कस्तान कामगार करारापासून सुरू होतो. मात्र परदेशातून आलेल्या स्त्रीने जर्मन भाषेत नोंदविलेला प्रतिकार शोधताना मराठी अभ्यासकाला त्यापूर्वीच्या बर्लिनमध्ये थांबावे लागते. इरावती कर्वे तेथे मानववंशशास्त्राच्या विद्यार्थिनी होत्या. त्यांचा प्रबंध रूढ अर्थाने साहित्य नव्हे. तरीही तो येथे विचारात घेणे आवश्यक वाटते.

त्यांच्या जर्मनीस जाण्याला सासरे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचा विरोध होता. स्त्रीशिक्षणाच्या अध्वर्यूच्या घरातच हे घडावे, हे लक्षणीय आहे. पती दिनकर कर्वे यांचा मात्र पाठिंबा होता. बर्लिनमध्ये मार्गदर्शक म्हणून लाभले ऑयगेन फिशर. पुढे नाझी वंशवादाला आधार ठरलेले विचार त्यांचेच. युरोपियनांच्या कवटीच्या दोन बाजूंतील असमानता त्यांच्या बौद्धिक श्रेष्ठतेशी निगडित असावी, असे त्यांचे गृहीतक होते. इरावतींनी कवट्या मोजल्या आणि वंश व ही असमानता यांचा संबंध आढळत नाही, असा निष्कर्ष मांडला. परक्या देशात, परक्या भाषेत, आपल्या पदवीचा निर्णय ज्याच्या हाती त्या गुरूविरुद्ध! या प्रतिकारात घोषणा नाही, विशेषणही नाही; केवळ मोजमापे आहेत. अर्थात मोजपट्टी त्यांनी सोडली नाही. पुढे भारतातील जातींच्या अभ्यासातही त्यांनी शरीरमापनाचाच अवलंब केला, हे नोंदविणे प्रामाणिकपणाचे ठरेल.

ओझदामार यांचा मार्ग भिन्न आहे. 1946 साली तुर्कस्तानात जन्मलेल्या ओझदामार 1965 मध्ये जर्मन न जाणता बर्लिनच्या कारखान्यात कामगार म्हणून आल्या. तुर्की भाषेत 'दिल' या एकाच शब्दाने जीभ आणि भाषा दोन्हींचा बोध होतो. जर्मनमध्ये मराठीप्रमाणेच त्यासाठी वेगळे शब्द आहेत. ओझदामार यांनी 1990 च्या आपल्या कथासंग्रहाला 'मातृभाषा' या रुळलेल्या जर्मन शब्दाऐवजी 'मुटरत्सुंगे', म्हणजे 'आईची जीभ', असे नाव दिले. जर्मन वाचकाला त्याचीच भाषा परकी वाटावी, हा येथील प्रतिकार होय. 2022 मध्ये त्यांना गेओर्ग ब्युख्नर पुरस्कार मिळाला.

इरावतींनी मायदेशी परतल्यावर ललित लेखनासाठी मराठीच निवडली. ओझदामार यांनी मात्र जर्मन भाषेतच घर केले.