रंगमंचावरून पडद्यावर : 'स्वीनी टॉड' आणि रूपांतराचा धडा



भाषेच्या तासाला आपण मुलांना 'गोष्टीचे संवादात रूपांतर करा' असं सांगतो. मुलं काय करतात? गोष्टीतली वाक्यं उचलतात आणि पुढे नावं लावतात. माध्यम बदललं की नेमकं काय बदलावं लागतं, हे समजून घ्यायला आज एक अवघड उदाहरण घेऊया. अवघड अशासाठी की त्यात खून आहेत, रक्त आहे आणि गाणीही आहेत!

मूळ नाटक

'स्वीनी टॉड' हे संगीत नाटक 1979 मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर आलं. संगीत आणि गीतं स्टीफन सॉन्डहाइम यांची, संहिता ह्यू व्हीलर यांची. गोष्ट जुन्या लंडनमधली. एका न्हाव्याला दुष्ट न्यायाधीश खोट्या आरोपाखाली दूर पाठवतो. तो सूड घ्यायला परत येतो आणि गिऱ्हाइकांचे गळे कापू लागतो. खालच्या मजल्यावरची दुकानदारीण ते मांस पॅटिससारख्या पदार्थात भरून विकते. 2007 मध्ये टिम बर्टन यांनी यावर चित्रपट केला. जॉनी डेप आणि हेलेना बॉनहम कार्टर त्यात मुख्य भूमिकांत आहेत.

चित्रपटात काय बदललं?

1) सूत्रधार गेला. नाटकात एक समूह अधूनमधून प्रेक्षकांकडे बघून गाण्यातून गोष्ट सांगतो. चित्रपटात हे गायन काढलं, फक्त त्याची धून ठेवली. समूह सांगायचा ते काम आता कॅमेरा करतो.

2) लांबी कमी झाली. मध्यंतरासह जवळपास तीन तासांचं नाटक दोन तासांत बसवलं. काही गाणी वगळली, काही छोटी केली.

3) आवाज बदलला. रंगमंचावर शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवावा लागतो. कॅमेरा चेहऱ्याजवळ असतो, त्यामुळे पुटपुटल्यासारखं गायलं तरी चालतं. म्हणूनच गायनाचं शिक्षण न घेतलेला नट इथे चालून गेला.

4) रक्त जवळ आलं. हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. नाटकात प्रेक्षक लांब बसलेला असतो आणि 'हे खोटं आहे' हे त्याला ठाऊक असतं. 2005 च्या ब्रॉडवे प्रयोगात दिग्दर्शक जॉन डॉयल यांनी तर प्रत्येक खुनाला एका बादलीतून दुसऱ्या बादलीत लाल पाणी ओतलं. बस्स, तेवढ्यानेच अंगावर काटा! पडद्यावर हे अंतर राहत नाही. बर्टन यांनी ते रंगातून परत आणलं. सगळं चित्र करडं, फिकट आणि रक्त मात्र भडक लाल, रंगाच्या डबीतून सांडल्यासारखं.

5) पोरगा खरंच पोरगा झाला. टोबी हे पात्र रंगमंचावर बहुधा तरुण नट करतो. चित्रपटात ते लहान मुलाने केलं. शेवटी वस्तरा त्याच्याच हातात येतो. तीच घटना, पण मन जास्त हलतं.

पालकांसाठी

गाणी आहेत म्हणजे मुलांचा सिनेमा, असं समजू नका. अमेरिकेत 17 वर्षांखालील मुलांना हा चित्रपट मोठ्यांसोबतच पाहता येत होता, तर ब्रिटनमध्ये तो फक्त 18 वर्षांवरील प्रेक्षकांसाठी होता. नाटकाची मात्र हायस्कूलच्या विद्यार्थ्यांना करता येईल अशी वेगळी संपादित आवृत्ती उपलब्ध आहे. म्हणजे विषय भयानक असला तरी तो कुणाला, किती जवळून दाखवायचा हे ठरवता येतं.

वर्गात काय करता येईल?

हे उदाहरण आपल्या समजुतीसाठी. मुलांना पाठ्यपुस्तकातलीच गोष्ट द्या आणि लिहिण्याआधी तीन प्रश्न विचारा :

• गोष्ट सांगणारा आता कोण?
• डोळ्यांना दिसणारं काय बोलायची गरज नाही?
• काय गाळलं तरी गोष्ट तीच राहील?

कोल्ह्याने उडी मारली, हे कोल्ह्याने तोंडाने सांगायचं नसतं, उडी मारायची असते. एवढं मुलांना उमगलं की नुसती नावं लावलेली वाक्यं आपोआप कमी होतील. करून बघा आणि अनुभव नक्की कळवा.