घर एकच, गावे तीन

१९०० साली नेवा नदीकाठच्या एखाद्या घरात जन्मलेली मुलगी नव्वदी ओलांडेपर्यंत त्याच घरात राहिली असती, तर तिचा पत्ता तीनदा बदलला असता. जन्म सेंट पीटर्सबर्गचा, शाळा पेट्रोग्राडची, संसार लेनिनग्राडचा आणि म्हातारपण पुन्हा सेंट पीटर्सबर्गचे!

झार पीटरने १७०३ मध्ये हे शहर वसवले आणि त्याला नाव दिले ते स्वतःचे नव्हे, संत पीटरचे. १९१४ मध्ये जर्मनीशी युद्ध जुंपले, तेव्हा नावातला ‘बर्ग’ शत्रूच्या भाषेतला म्हणून खुपू लागला आणि रशियन वळणाचे ‘पेट्रोग्राड’ आले. २१ जानेवारी १९२४ रोजी लेनिनचे निधन झाले. पाचच दिवसांत शहर लेनिनग्राड झाले. नागरिकांना विचारण्याचा प्रश्नच नव्हता.

विचारले गेले ते १९९१ मध्ये. सोव्हिएत सत्ता डळमळीत झाली होती. १२ जूनला रशियाच्या अध्यक्षपदासाठी मतदान झाले, त्याच दिवशी शहराच्या नावावरही कौल घेण्यात आला. सुमारे ५५ टक्के मते जुन्या नावाला पडली आणि सप्टेंबरमध्ये सेंट पीटर्सबर्ग हे नाव परत आले.

विरोधात मत देणारे सगळेच लेनिनभक्त होते, असे समजणे अन्यायाचे होईल. त्यांच्यात वेढ्यातून वाचलेली म्हातारी माणसे होती. ८ सप्टेंबर १९४१ ते २७ जानेवारी १९४४ या काळात जर्मन फौजांनी शहराची नाकेबंदी केली होती. पहिल्या हिवाळ्यात काही आठवडे तर मुलांना आणि घरी बसलेल्यांना दिवसाला फक्त १२५ ग्रॅम पाव मिळे, तोही भेसळीचा. लोक सरस आणि चामड्याचे पट्टे उकळून खात. लाखो माणसे भुकेने गेली. मुलांच्या बर्फावरच्या घसरगाडीवर आईबापांचे मृतदेह बांधून ओढत न्यावे लागले. एकट्या पिस्कार्योव्ह दफनभूमीत जवळजवळ पाच लाख लोक पुरलेले आहेत. जे वाचले, त्यांना पदक मिळाले त्यावर शब्द होते ‘लेनिनग्राडच्या संरक्षणासाठी’. ज्या गावासाठी आपली माणसे गेली, त्या गावाचे नावच पुसायचे, हे त्यांना कसे रुचावे?

उलट बाजूही खोटी नव्हती. ज्याच्या नावाने दडपशाहीची दशके गेली, त्याचे नाव रोज पत्त्यावर का लिहायचे, असे तरुण विचारत होते. दोघांनाही पटेल असे नाव नव्हतेच.

व्यवहाराने मात्र आपली वाट काढली. शहराभोवतालच्या प्रांताने नाव बदललेच नाही; तो आजही लेनिनग्राड प्रांतच आहे. वेढा उठल्याचा दिवसही लेनिनग्राडच्याच नावाने पाळला जातो. गावकरी तर लाडाने नुसते ‘पीतर’ म्हणतात, तसे ते लेनिनग्राडच्या काळातही म्हणत. आणि मॉस्कोहून सेंट पीटर्सबर्गची गाडी पकडायची असेल, तर अजूनही लेनिनग्राड स्टेशनवरच जावे लागते.