पुराची मदत पंचनाम्यावर मिळते. कागद आधी सांभाळा

चिपळूणच्या बाजारपेठेला पूर नवा नाही. २६ जुलै २००५ चे पाणी व्यापारी विसरले नव्हते, तोच २२ जुलै २०२१ ची पहाट उजाडली. आदल्याच दिवशी बकरी ईद झाली होती. वाशिष्ठीचे पाणी दुकानांत शिरले आणि तळमजल्यावरचा माल गेला. गाळाच्या पाण्यात भिजलेल्या ताग्याचे काय होते हे कापडवाल्यांना सांगायला नको. रंग उतरतो, बुरशी धरते आणि शेवटी तो चिंध्यांच्या भावाने द्यावा लागतो.

अशा वेळी प्रत्येकाचा पहिला प्रश्न असतो, सरकार काय देणार? २०२१ मध्ये राज्य सरकारने दुकानदारांना नुकसानीच्या ७५ टक्के, पण जास्तीत जास्त ५०,००० रुपये आणि टपरीधारकांना जास्तीत जास्त १०,००० रुपये जाहीर केले. म्हणजे दहा लाखांचा माल गेला तरी हाती पन्नास हजारच. हातमाग विणकर आणि हस्तकला कारागिरांसाठी आपत्ती निधीचे वेगळे निकष असतात. २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या निकषांत हत्यारे-अवजारांसाठी ५,००० व कच्च्या अथवा तयार मालासाठी ५,००० रुपये ठरले. दुकानातल्या मालाचा या निकषांत समावेश नाही. त्यामुळे व्यापाऱ्याला दर वेळी राज्याच्या वेगळ्या निर्णयाची वाट पाहावी लागते.

ही मदत म्हणजे भरपाई नव्हे, तात्पुरता आधार आहे. आणि तोही पंचनामा झाला तरच. अनेक बांधव चिखल आणि दुर्गंधी असह्य होऊन माल आधी फेकतात, मग पंचनाम्याच्या वेळी दाखवायला काही उरत नाही. साफसफाई जरूर करावी, पण त्याआधी मालाचे व भिंतीवरील पाण्याच्या खुणेचे फोटो काढावेत, यादी करावी, प्रत्येक प्रकारचा थोडा नमुना ठेवावा. शॉप ॲक्टचा दाखला, जागेची भाडेपावती, बँकेचे पासबुक आणि खरेदीची बिले यांच्या प्रती दुसऱ्या ठिकाणी, उंचावर ठेवाव्यात. वही दुकानातच भिजली तर हिशेब कोणाला दाखवणार?

खरी भरपाई विम्यातून होते. छोट्या धंद्यासाठी १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही पॉलिसी आली आहे. तीत पुराचा धोका धरलेला आहे. मात्र हप्ता वाचवण्यासाठी दहा लाखांचा माल पाच लाखांचा दाखवला, तर चार लाखांच्या नुकसानीवर साधारण दोन लाखच मिळतील. बँकेचे कर्ज असेल तर बँकेने विमा काढला असेल असे गृहीत धरू नका. पॉलिसी मागून घ्या, तीत गोदामाचा पत्ता बरोबर आहे का ते पाहा. विमा कंपनीला कळवल्याशिवाय माल हलवू नका. आणखी एक गोष्ट. नष्ट झालेल्या मालावर खरेदीच्या वेळी भरलेल्या जीएसटीची वजावट कायद्याने परत करावी लागते. विम्याची रक्कम ठरवताना याचाही हिशेब धरावा.

आता बंदोबस्ताविषयी. चिपळुणात मुसळधार पाऊस, समुद्राची भरती, नदीतला गाळ आणि कोयनेच्या वीजनिर्मितीनंतर कोळकेवाडीहून वाशिष्ठीत येणारे पाणी, ही सारी कारणे एकत्र येतात. २०२१ च्या डिसेंबरात नागरिक उपोषणाला बसले, तेव्हा कुठे गाळ काढण्याच्या कामाला वेग आला. मागितल्याशिवाय काही मिळत नाही, हा त्यातला धडा. म्हणून व्यापारी मंडळांनी दर वर्षी मे महिन्यातच विचारावे: यंदा गाळ किती निघाला? पाणी सोडण्याची सूचना किती तास आधी मिळेल? नवा गाळा घेताना तो निळ्या पूररेषेत (२५ वर्षांतून एकदा येणारा पूर) आहे की लाल रेषेत (१०० वर्षांतून एकदा), हेही पाहावे.

गणपतीच्या हंगामाचा माल नेमका जुलै-ऑगस्टात भरावा लागतो, हे खरे. मग निदान तो माळ्यावर ठेवा, एकदम न मागवता दोन खेपांत मागवा. पाणी शिरल्यावर केलेली धावपळ म्हणजे वरातीमागून घोडे. कागद, विमा आणि माळा या तीन गोष्टींची तजवीज पावसाळ्याआधीच करावी.