मनातला चेहरा, पडद्यावरचा माणूस

पानावरून पडद्यावर : लेखांक ५

‘श्यामची आई’ वाचलेल्या कुणालाही विचारून पाहा : श्यामची आई दिसायला कशी होती? पायाला माती लागू नये म्हणून पदर पसरणारी आई सगळ्यांना सांगता येते. पोहायला घाबरणाऱ्या श्यामला शिंपटीने झोडपून विहिरीवर धाडणारी आईही सांगता येते. पण नाक कसं, उंची किती, असं विचारलं की माणूस अडखळतो. जो अडखळत नाही, त्याच्या डोळ्यांसमोर बहुधा वनमालाबाई असतात. आचार्य अत्र्यांच्या १९५३ सालच्या चित्रपटात ती भूमिका त्यांनी केली होती.

म्हणजे जिवाभावाच्या पुस्तकातल्या माणसाचाही चेहरा आपल्याकडे फारसा नसतो. तरी चित्रपटासाठी नटाचं नाव जाहीर झालं की आपण छातीठोकपणे सांगतो, ‘हा तो नव्हेच!’ जो चेहरा कधी धड पाहिलेला नाही, त्याच्याशी हा चेहरा जुळत नाही हे आपल्याला कळतं कसं? कादंबरीचा चित्रपट होताना काय काय गाळलं जातं, ते गेल्या आठवड्यात पाहिलं. आज त्याची दुसरी बाजू पाहू. पुस्तकात नसलेलं असं काय चित्रपटाला भरावंच लागतं, आणि त्यावरून वाचक इतके का तापतात?

लेखकाने सोडलेली जागा

जर्मन समीक्षक वोल्फगांग ईझर यांनी १९७०च्या दशकात या प्रश्नाचा विचार केला. त्यांनी उदाहरण घेतलं हेन्री फील्डिंगच्या ‘टॉम जोन्स’चं. ही कादंबरी १७४९ची, आणि तिच्यावरचा चित्रपट १९६३चा. ईझर यांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा : पडद्यावरचा टॉम पाहून वाचकाचा हिरमोड होतो, पण त्याचं कारण चेहरा चुकला हे नसतं. वाचताना टॉम कसाही असू शकत होता. पडद्यावर तो एकाच तऱ्हेचा उरला आणि वाचकाचं काम संपलं. लेखकाने मोकळ्या ठेवलेल्या जागा वाचक स्वतः भरत असतो. चित्रपटाने त्या परस्पर भरून टाकल्या, याचं वाईट वाटतं.

कादंबरीकाराचा हिशेब पाहिला तर हे सहज पटतं. पात्र पहिल्यांदा येतं तेव्हा दोन-चार वाक्यांत त्याचं रूप सांगितलं जातं. कधी डोळ्यांचा रंग, कधी कपाळावरचा व्रण, कधी नुसती दाढी. पुढची तीनशे पानं ते पात्र बोलतं, चिडतं, गप्प बसतं, पळ काढतं. वर्णन एकदाच येतं आणि वागणं पानोपानी येतं, त्यामुळे मनात मुरतं ते वागणं. कॅमेऱ्याला ही सवलत नाही. कानाच्या पाळीपासून चपलेपर्यंत त्याला सगळं दाखवावंच लागतं.

शिवाय, मनातलं चित्र सगळ्यांना सारखं दिसत नाही. ब्रिटिश शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८०च्या सुमारास लोकांना त्या दिवशीचं न्याहारीचं टेबल डोळ्यांसमोर आणायला सांगितलं होतं. काहींनी ते लख्ख दिसत असल्याचं कळवलं, तर काहींना असं काही ‘दिसतं’ हीच कल्पना नवी होती. ज्यांना मनात चित्र उमटवताच येत नाही, त्यांच्या या अवस्थेला ब्रिटिश मेंदूतज्ज्ञ अॅडम झीमन आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली ‘अफँटेझिया’ असं नाव दिलं. अशी माणसंही कादंबऱ्या आवडीने वाचतात. तेव्हा पात्र ओळखीचं व्हायला त्याचा चेहरा दिसलाच पाहिजे असं नाही.

स्नेपचं वय, हॅरीचे डोळे

जगभरच्या वाचकांनी बारकाईने तपासलेलं उदाहरण घ्यायचं तर हॅरी पॉटरचं घ्यावं. पुस्तकांच्या कालगणनेनुसार हॅरी शाळेत येतो तेव्हा प्रोफेसर स्नेप एकतिशीचा आहे. पहिला चित्रपट २००१ साली आला तेव्हा स्नेप झालेले अॅलन रिकमन पंचावन्न वर्षांचे होते. चोवीस वर्षांचा फरक म्हणजे एका पिढीचा फरक. तरीही ‘हा स्नेप नव्हे’ असं म्हणणारे वाचक शोधून काढावे लागतील.

याचं उत्तर पुस्तकातच आहे. स्नेप जवळजवळ कुजबुजल्यासारखा बोलतो आणि तरीही वर्ग चिडीचूप असतो, हे पहिल्याच तासाला सांगितलेलं आहे. रिकमन यांनी नेमकं तेच उचललं. संथ, दाबून ठेवलेला आवाज, शब्दाआधीचा विराम आणि कमीत कमी हालचाल. वाचकाच्या मनात वय नव्हतं, ती दहशत होती, आणि ती त्याला जशीच्या तशी मिळाली.

अर्थात वयाची किंमत मोजावी लागलीच. हॅरीचे आईवडील मेले तेव्हा अवघे एकवीस वर्षांचे होते. स्नेप त्यांच्याच वर्गातला. एकतिशीतला माणूस शाळेतला अपमान उराशी धरून बसतो, तेव्हा जखम अजून ओली असते. पंचावन्नाव्या वर्षी तेच वागणं जुनाट कडवटपणा होऊन बसतं. चित्रपटात आईवडीलही वयाने मोठे दाखवले गेले, त्यामुळे ही सगळी पोरवयातली माणसं होती, हे पडद्यावर जाणवतच नाही. प्रेक्षकाने तक्रार केली नाही म्हणून काही हरवलंच नाही, असं समजायचं कारण नाही.

आता डोळ्यांचं पाहू. पुस्तकात हॅरीचे डोळे हिरवे आहेत. हॅरी झालेल्या डॅनियल रॅडक्लिफचे निळे. रंगीत भिंगं घालून पाहिली, ती त्याला सोसली नाहीत, आणि निळे डोळे कायम राहिले. वाचकांनी ते चालवून घेतलं. पण २०११च्या शेवटच्या चित्रपटात हॅरीच्या आईचं बालपण आलं, त्या मुलीचे डोळे तपकिरी निघाले, आणि चाहते खवळले. हॅरीला आईचे डोळे आहेत, हे वाक्य पुस्तकांत पुन्हापुन्हा येतं, आणि स्नेपचं मरण त्याच डोळ्यांपाशी येऊन थांबतं. चाहत्यांना हिरवा-निळा यात रस नव्हता. मायलेकांचं नातं रंगाने तुटलं, हे त्यांना खटकलं.

आणि सगळ्यात जास्त थट्टा झालेला प्रसंग तर चेहऱ्याशी संबंधितच नाही. स्पर्धक निवडणाऱ्या आगीच्या चषकातून हॅरीचं नाव निघतं, तेव्हा पुस्तकातला मुख्याध्यापक डंबलडोर त्याला शांतपणे विचारतो, की तू नाव टाकलंस का. २००५च्या चित्रपटात मायकल गॅम्बन त्याच्यावर ओरडत धावून जातात. पांढरी दाढी, झगा, अर्धचंद्र चष्मा, सगळं जागच्या जागी होतं. तरी त्या क्षणी ‘हा तो नव्हे’ असं वाचकाला वाटलं, कारण माणूस वेगळा वागला.

तक्रारींचे तीन प्रकार

चाहत्यांच्या तक्रारी चेहऱ्याच्या भाषेत येतात, पण त्यांची मुळं वेगवेगळी असतात. एक प्रकार वागण्याचा, तो आत्ताच पाहिला. दुसरा प्रकार, जिथे शरीरावरच कथा उभी असते. ली चाइल्ड यांच्या कादंबऱ्यांतला जॅक रीचर सहा फूट पाच इंच उंच आहे आणि वजनाने शंभर किलोंच्या वर. तो खोलीत शिरला की समोरचे चार जण मारामारीचा विचार सोडून देतात. कथेतला अर्धा ताण त्या देहामुळे निर्माण होतो. २०१२ आणि २०१६च्या चित्रपटांत रीचर झाले टॉम क्रूझ, उंचीने साधारण पाच फूट सात इंच. वाचक वर्षानुवर्षं कुरकुरत राहिले. पुढे खुद्द चाइल्ड यांनी वाचकांचं म्हणणं मान्य केलं, आणि २०२२च्या मालिकेत धिप्पाड अॅलन रिचसन आले. हा हट्ट पोरकट नव्हता. वाचकांनी कथा नीट वाचली होती.

तिसरा प्रकार नाजूक आहे. सुझन कॉलिन्स यांच्या ‘द हंगर गेम्स’मध्ये रू नावाची बारा वर्षांची मुलगी येते. तिची कातडी गडद तपकिरी असल्याचं पुस्तकात स्वच्छ लिहिलं आहे. २०१२ साली चित्रपट आला, कृष्णवर्णीय मुलीने ती भूमिका केली, आणि काही चाहत्यांनी समाजमाध्यमांवर अत्यंत हीन भाषेत राग काढला. यांनी पुस्तक वाचलं होतं, मग ते वाक्य गेलं कुठे?

कॉलिन्स यांच्या नायिकेला रू पाहून आपली धाकटी बहीण प्रिम आठवते. तीच चण, तसंच वागणं. प्रिम गोरी, सोनेरी केसांची आहे. वाचकाने साम्य लक्षात ठेवलं आणि रंग परस्पर बदलून टाकला. इथेही वागण्याने वर्णनावर मात केली, पण मोकळी जागा भरायला वाचकाने जे सामान वापरलं, ते त्याच्या सवयीचं होतं. त्याच्या मनातला ‘सर्वसाधारण’ माणूस गोराच होता. अशी तक्रार पुस्तकाबद्दल काही सांगत नाही. ती वाचकाबद्दल सांगते.

तिन्ही प्रकार नेहमी सुटे सुटे येत नाहीत. हॅरी पॉटरवरच्या नव्या मालिकेत स्नेपची भूमिका कृष्णवर्णीय ब्रिटिश नट पापा एसीडू करणार, हे २०२५च्या एप्रिलमध्ये जाहीर झालं आणि वाद पेटला. पुस्तकातला स्नेप फिकट, पिवळट कातडीचा आहे, हे खरं. पण कथा त्या कातडीवर उभी आहे का? बऱ्याच अंशी नाही. काही वाचकांचा एक मुद्दा मात्र विचारात घेण्याजोगा आहे. हॅरीचा बाप आणि त्याचे मित्र शाळेत स्नेपची टर उडवतात, त्या प्रसंगाला आता वेगळा अर्थ चिकटू शकतो. तो अर्थ टाळायचा की मुद्दाम घ्यायचा, हे लेखक-दिग्दर्शकांना ठरवावं लागेल. ‘आमचा स्नेप असा नाही’ यापेक्षा ही चर्चा कितीतरी पुढची आहे.

नट पुस्तकात शिरतो तेव्हा

चेहऱ्याची जागा रिकामी असते म्हणूनच नट तिथे कायमचा मुक्काम ठोकू शकतो. आणि तो फक्त वाचकाच्याच मनात शिरतो असं नाही. सत्यजित राय यांचं उदाहरण यात अपूर्व आहे, कारण गुप्तहेर फेलूदाच्या कथांचे लेखक तेच, चित्रकार तेच आणि पहिल्या दोन चित्रपटांचे दिग्दर्शकही तेच. फेलूदाचा भाबडा सोबती, रहस्यकथालेखक लालमोहन गांगुली ऊर्फ जटायू, ‘सोनार केल्ला’ या कथेत प्रथम आला. १९७४ साली तिच्यावर चित्रपट झाला आणि जटायू झाले पेशाने वकील असलेले संतोष दत्त. त्यानंतरच्या कथांसाठी राय चित्रं काढत गेले तसा कागदावरचा जटायू संतोष दत्तांसारखा दिसू लागला. ज्याने पात्र जन्माला घातलं, त्याच्याच कुंचल्यावर नटाने मात केली. १९८८ साली दत्त वारले, आणि राय यांनी पुन्हा फेलूदावर चित्रपट केला नाही.

आपल्याकडे हीच परीक्षा फास्टर फेणेने दिली. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा बनेश फेणे राम वाईरकरांच्या चित्रांतून आधीच वाचकांना भेटला होता. हडकुळा, चपळ शाळकरी पोरगा. दूरदर्शनवर सुमीत राघवनने तो केला तेव्हा निदान वय तरी जुळत होतं. २०१७च्या चित्रपटात अमेय वाघचा फेणे थेट वैद्यकीय प्रवेशपरीक्षा द्यायला पुण्यात येतो. पोराचा तरुण झाला, काळ बदलला, गोष्ट नवी रचली गेली. राखलं काय, तर ती चण, नको तिथे नाक खुपसण्याची खोड, आणि तोंडाने काढलेला ‘टॉक्’ आवाज. माझ्या मते फेणे ओळखू येतो तो या तिन्हींमुळेच. वय टिकवून ‘टॉक्’ वगळलं असतं, तर जुन्या वाचकांनी चित्रपटाला दारातही उभं केलं नसतं.

म्हणून नटाची निवड पटली नाही, तर आपल्याच तक्रारीला एक प्रश्न विचारावा : मला खटकतंय ते कथेला लागणारं आहे, पात्राच्या वागण्यातलं आहे, की मीच आपल्या मनाने घातलेलं आहे? पहिल्या दोन बाबतींत जरूर भांडावं. तिसऱ्या बाबतीत पुस्तक पुन्हा उघडावं.

आणि भांडायचं तर चित्रपट पाहून भांडावं. ‘इंटरव्ह्यू विथ द व्हॅम्पायर’मध्ये लेस्टॅटच्या भूमिकेसाठी टॉम क्रूझ यांचं नाव आलं, तेव्हा मूळ लेखिका अॅन राइस यांनी जाहीर नापसंती दाखवली होती. १९९४ साली तयार चित्रपट पाहिल्यावर त्यांनी स्वतः जाहिरात देऊन क्रूझ यांची तारीफ केली. दोन्ही वेळा चेहरा तोच होता. मधल्या काळात त्यांना त्या नटाचं वागणं पाहायला मिळालं, एवढाच फरक. निवड जाहीर होते त्या दिवशी आपल्या हाती फक्त एक छायाचित्र येतं, म्हणजे पुस्तकाने आपल्याला जे धड दिलंच नव्हतं तेवढंच. सगळ्यात मोठं भांडण नेमकं त्याच दिवशी, सगळ्यात कमी महत्त्वाच्या गोष्टीवरून होतं.

(पुढील लेखांकात : कादंबरीत सगळी गोष्ट सांगणारा ‘मी’ पडद्यावर जातो कुठे?)