घरात पडलेला टॅब गाडीत वाजवायचाय? आधी स्पीकर, वायर आणि फ्यूज बघा

कोल्हापूर : लॉकडाऊनमध्ये पोरांच्या ऑनलाइन शाळेसाठी घेतलेला टॅब आज कित्येक घरांत कपाटात पडून आहे. दारात उभ्या असलेल्या जुन्या अल्टो, वॅगनआर किंवा बोलेरोतला टेप मात्र अजून सीडी आणि पेनड्राइव्हच्या जमान्यातलाच. या दोघांची गाठ घालून दिली तर कमी पैशात मोठा स्क्रीन, हवी ती गाणी आणि रस्ता दाखवणारा नकाशा असं सगळं गाडीत येतं.

पण टॅब जोडला म्हणून आवाज सुधारत नाही. टॅब फक्त गाणं पुरवतो. त्याला ताकद देतो अ‍ॅम्प्लिफायर आणि प्रत्यक्ष आवाज काढतात स्पीकर. या तिघांना जोडणारी वायर चुकीची पडली, तर गाणं राहतं बाजूला आणि गाडीच पेटायची वेळ येते. म्हणून पैसे कुठे घालायचे आणि कुठे घालायचे नाहीत, हे आधी समजून घेतलेलं बरं.

टॅब टेपला कसा जोडायचा?

सर्वात सोपा मार्ग म्हणजे ऑक्सची वायर. टॅबच्या हेडफोनच्या भोकातून निघालेली वायर टेपच्या ‘ऑक्स’ लिहिलेल्या भोकात घालायची, झालं काम. टॅबला हेडफोनचं भोक नसेल तर टाइप-सीला लागणारा छोटा अ‍ॅडॉप्टर मिळतो. टेपमध्ये ब्लूटूथ असेल तर वायरचीही गरज नाही. गाडीच्या इंजिनाच्या आणि रस्त्याच्या आवाजात ब्लूटूथ आणि वायर यांतला फरक बहुतेकांच्या कानाला कळतही नाही.

यूएसबीच्या भरवशावर मात्र राहू नये. बहुतेक जुने टेप यूएसबीतून फक्त पेनड्राइव्ह वाचतात, टॅबचा आवाज घेत नाहीत. ऑक्स नाही, ब्लूटूथ नाही, असा टेप असेल तर लायटरच्या सॉकेटमध्ये बसणारा एफएम ट्रान्समीटर हा शेवटचा उपाय. त्यात खरखर येते आणि आवाजाची प्रतही उतरते, पण काम भागतं.

पहिला खर्च स्पीकरवर

दहा-बारा वर्षं जुन्या गाडीतल्या स्पीकरचा कागदी पडदा उन्हानं आणि ओलीनं कडक झालेला असतो, कधी कडेनं फाटलेला असतो. अशा स्पीकरला कितीही भारी टॅब जोडा, आवाज फाटकाच येणार. म्हणून हातात थोडेच पैसे असतील तर ते आधी पुढच्या दोन दारांच्या स्पीकरवर घालावेत. चालवणाऱ्याला आणि शेजारी बसलेल्याला ऐकू येतो तो मुख्य आवाज तिथूनच.

स्पीकर घेताना खोक्यावरचा ‘३०० वॅट’ असा मोठा आकडा बघून भुलू नये. तो क्षणभर सोसता येणारा कमाल आकडा असतो. बघायचा तो ‘आरएमएस’ आकडा, म्हणजे स्पीकर सतत सोसू शकेल ती ताकद. दुसरा आकडा सेन्सिटिव्हिटीचा, तो डेसिबलमध्ये लिहिलेला असतो. दोन स्पीकरमध्ये ३ डेसिबलचा फरक असेल, तर कमी आकड्याच्या स्पीकरला तेवढाच आवाज काढायला दुप्पट वॅट लागतात. अ‍ॅम्प्लिफायर न लावता नुसत्या टेपवर वाजवायचं असेल, तर जास्त सेन्सिटिव्हिटीचाच स्पीकर घ्यावा. दुकानात जाण्याआधी दारातल्या भोकाचं आणि खोलीचं माप घ्या, नाहीतर काच खाली घेताना स्पीकरच्या चुंबकाला अडते.

जोडताना प्लस-मायनस सगळ्या स्पीकरला सारखं पाहिजे. एक जरी उलटा जोडला तरी बेस गायब होतो, आणि दोष कुठे आहे ते लवकर सापडत नाही. खूण नसलेल्या स्पीकरची परीक्षा घरच्या घरी होते. घड्याळातला दीड व्होल्टचा सेल त्याच्या दोन टोकांना क्षणभर लावायचा. पडदा बाहेर उचलला गेला, तर सेलचा प्लस जिथे लागला ते स्पीकरचं प्लस टोक.

दार उघडल्यावर आतला प्लास्टिकचा कागद फाडून टाकू नये, होता तसा चिकटवावा. काचेवरून दारात उतरणारं पाणी तोच अडवतो. आवाज घट्ट यावा म्हणून पत्र्याला काळ्या रबरी शीट चिकटवतात, ते चांगलंच. पण दाराच्या तळाची पाणी जायची भोकं त्यात बुजता कामा नयेत. गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी, आजऱ्याकडच्या पावसात अशी बुजलेली दारं आतून गंजतात.

अ‍ॅम्प्लिफायर हवाच का?

टेपवर ‘५० वॅट गुणिले ४’ असं छापलेलं असलं तरी १२ व्होल्टच्या बॅटरीवर साध्या टेपमधून प्रत्येक स्पीकरला सतत मिळतात ते साधारण १५ ते २० वॅट. घरच्या माणसांना गाणी ऐकायला एवढे पुरेसे आहेत. आवाज वाढवला की फाटतो अशी तक्रार असेल, किंवा डिकीत सबवूफर बसवायचा असेल, तरच वेगळा अ‍ॅम्प्लिफायर घ्यावा.

त्याचा हिशोब सोपा आहे. चार स्पीकरना प्रत्येकी ५० वॅट खरे द्यायचे म्हणजे २०० वॅट. अ‍ॅम्प्लिफायर चांगला असला तरी काही ताकद उष्णतेत जाते, म्हणून बॅटरीकडून साधारण २५० वॅट ओढले जातात. चालू इंजिनावर १४ व्होल्टच्या आसपास दाब असतो, म्हणजे पूर्ण आवाजात १८ अँपिअर करंट. गाडीचे दोन हेडलाइट मिळून जेवढा करंट घेतात, त्याच्या दुपटीहून जास्त. एवढा करंट टेपच्या बारीक वायरीतून घेतला तर वायर तापून वितळणारच.

इंजिन बंद ठेवून वाजवणाऱ्यांनीही हिशोब ठेवावा. लहान गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची असते. मध्यम आवाजात ५ अँपिअर जात असतील तर तीन-साडेतीन तासांत निम्मी बॅटरी संपते. मग जोतिबाच्या पायथ्याला गाडी ढकलायला माणसं शोधावी लागतात.

वायर, फ्यूज आणि अर्थिंग

खरा धोका इथे आहे. अ‍ॅम्प्लिफायरची प्लसची वायर थेट बॅटरीवरून घ्यायची असते आणि बॅटरीपासून दीड फुटाच्या आत तिला फ्यूज हवा. फ्यूज अ‍ॅम्प्लिफायर वाचवायला नसतो, तो वायर वाचवायला असतो. डिकीपर्यंत गेलेली वायर वाटेत कुठे पत्र्याला घासली आणि शॉर्ट झाली, तर फ्यूजशिवाय अख्ख्या बॅटरीचा करंट तिच्यातून वाहतो. शेतातल्या मोटरच्या पेटीत फ्यूजच्या जागी तार गुंडाळायची सवय बऱ्याच जणांना असते. गाडीत तसं अजिबात करू नये. फ्यूज पुन्हा पुन्हा उडतोय म्हणजे दोष दुसरीकडे आहे.

वरच्या हिशोबाला ८ गेजची तांब्याची वायर चालते. स्वस्तातल्या बऱ्याच वायरी आतून अ‍ॅल्युमिनियमच्या आणि वरून तांब्याचा मुलामा दिलेल्या असतात. एक तार ब्लेडनं खरवडून बघा, आतून पांढरी निघाली तर ती तांब्याची नाही. इंजिनाच्या बाजूनं आत येताना पत्र्याच्या भोकाला रबरी बूच हवंच. मायनसची वायर अ‍ॅम्प्लिफायरजवळच, रंग खरवडून काढलेल्या कोऱ्या पत्र्याला नट-बोल्टनं घट्ट आवळावी.

नव्या गाडीची मूळ वायर कापू नये. त्या मॉडेलचा कपलर बाजारात मिळतो. वायर कापली तर त्या भागाची वॉरंटी नाकारली जाऊ शकते. महागडी सिस्टीम बसवली असेल तर विमा पॉलिसीत तिची वेगळी नोंद करून जादा प्रीमियम भरावा लागतो. नोंद नसेल तर चोरी किंवा अपघातानंतर तिचे पैसे मिळतील अशी आशा नको.

चार्जर लावला की ‘कुईं’ का होतं?

टॅब ऑक्सवर वाजतोय आणि त्याच वेळी गाडीच्या चार्जरवर लागलाय, अशा वेळी रेससोबत चढत जाणारी कुईं ऐकू येते. टॅबला अर्थ दोन वाटांनी मिळाल्यामुळे अल्टरनेटरची गडबड गाण्यात मिसळते. खूण सोपी आहे : चार्जर काढला की आवाज बंद. ऑक्सच्या वायरीत ‘ग्राउंड लूप आयसोलेटर’ नावाची छोटी डबी लावली की बहुतेक वेळा हा त्रास जातो. ब्लूटूथवर वाजवलं तर हा प्रश्नच येत नाही.

चार्जरही बघून घ्यावा. टॅबला साधारण ५ व्होल्ट आणि २ अँपिअर लागतात. मोबाइलच्या जुन्या १ अँपिअरच्या चार्जरवर नकाशा आणि गाणी दोन्ही चालू ठेवली तर चार्जिंग लावूनही बॅटरी उतरत जाते. गाडीची १२ व्होल्टची वायर थेट टॅबला जोडायचा उद्योग कुणी करू नये, टॅब जळून जाईल.

टेप काढून टॅबच बसवायचा का?

२०१२ मध्ये नेक्सस ७ हा सात इंची टॅब बाजारात आला, त्यानंतर परदेशातल्या बऱ्याच हौशी लोकांनी टेप काढून तिथे टॅब बसवले. टेपच्या मोठ्या खाच्याचं माप जगभर ठरलेलं आहे : रुंदी १८० आणि उंची १०० मिलिमीटर. सात इंची टॅब त्याहून थोडा मोठा असतो, म्हणून भोवतीचं प्लास्टिक कापावं लागतं. शिवाय टेप काढला की अ‍ॅम्प्लिफायर घ्यावाच लागतो, आणि तो चावीसोबत चालू-बंद होईल अशी वेगळी वायर ओढावी लागते. ती विसरली तर रातभर अ‍ॅम्प्लिफायर चालू राहून सकाळी गाडी सुरू होत नाही.

टेप गेला की एफएमही जातं. बहुतेक टॅबमध्ये रेडिओ नसतो. आकाशवाणी कोल्हापूर किंवा टोमॅटो एफएम ऐकायची सवय असेल तर टेप राहू द्यावा आणि टॅब स्टँडवर लावावा. हेच जास्त सोयीचं, कारण टॅब काढून घरी नेता येतो.

आणि तो न्यायलाच हवा. टॅबची बॅटरी साधारण ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरण्यासाठी केलेली असते. एप्रिल-मेमध्ये बंद गाडीत तापमान त्याच्या खूप पुढे जातं. पाठ फुगलेला टॅब दिसला तर तो चार्जिंगला लावू नये, सरळ बाद करावा. स्टँडही एअरबॅगच्या झाकणावर किंवा समोर नको. एअरबॅग उघडली तर टॅब तोंडावर येतो.

घाटात रेंज नाही, तर गाणी कुठून?

करूळ, फोंडा, आंबा किंवा आंबोली घाटात नेटवर गाणी वाजवणाऱ्यांची गाणी मध्येच थांबतात. म्हणून गाणी कार्डमध्ये भरून ठेवावीत. ३२० केबीपीएसच्या चांगल्या प्रतीचं पाच मिनिटांचं गाणं साधारण १२ एमबी होतं, म्हणजे ३२ जीबीच्या कार्डात अडीच हजार गाणी बसतात. जुन्या टॅबवर नवी अ‍ॅप चालत नसली तरी व्हीएलसीसारखं मोफत प्लेअर बहुतेक वेळा चालतं. नकाशाही घरच्या वायफायवर आधीच उतरवून घेता येतो.

कायदा काय म्हणतो?

गाडी चालवताना हातात मोबाइलसारखं उपकरण धरून वापरणं हे मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली धोकादायक वाहन चालवण्यात धरलं जातं. पहिल्याच वेळी १ हजार ते ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. १ ऑक्टोबर २०२० पासून रस्ता शोधण्यापुरता वापर मान्य आहे, तोही लक्ष विचलित होणार नाही अशा बेतानं. म्हणजे गाण्यांची यादी निघायच्या आधी लावायची आणि स्क्रीनवर पिक्चर नाही. उसाच्या हंगामात संध्याकाळी ट्रॉल्यांमागून जाताना दोन सेकंद नजर टॅबवर गेली तरी पुरे होतं. ताशी ६० किलोमीटर वेगात तेवढ्यात गाडी ३३ मीटर पुढे गेलेली असते.

आवाजालाही मर्यादा आहे. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे.

काम कोणत्या क्रमानं?

पहिल्यांदा शंभर-दीडशे रुपयांची ऑक्सची वायर घेऊन टॅब जोडून ऐकावा. आवाज फाटका वाटला तर पुढचे स्पीकर बदलावेत. एवढ्यावर बहुतेकांचं समाधान होतं. तरी कमी वाटलं तरच अ‍ॅम्प्लिफायर. मिस्त्रीकडून गाडी ताब्यात घेताना दोन गोष्टी स्वतःच्या डोळ्यांनी बघा : बॅटरीजवळ फ्यूज आहे का, आणि पत्र्यातून वायर जाते तिथे रबरी बूच आहे का. ‘काय होत नाही हो’ असं उत्तर आलं, तर ते बसवून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.