रानात अडकलात तर मदत कशी मागाल?



असोद्याहून निघून तापी ओलांडली की सातपुडा जवळ येत जातो. यावल-चोपड्याच्या पावरा आणि तडवी पाड्यांवर आपले कार्यकर्ते पावसाळ्यातही जातात. तुमच्यापैकी काहीजण सोबत येतात, म्हणून हे लिहीत आहे.

काही वर्षांपूर्वी आम्ही दोघे पाड्यावरून परतत होतो. वाटेत नाल्याला पूर आला, सोबतच्या भावाचा पाय मुरगळला आणि अंधार पडला. मोबाईलला रेंज नव्हती. घसा बसेपर्यंत ओरडलो, पण कोणी आले नाही. शेवटी टॉर्च ठरावीक अंतराने लावू-विझवू लागलो, तेव्हा तासाभराने दोन माणसे दोर घेऊन आली. म्हणाली, "ओरडणं ऐकलं होतं, पण मचाणावरून कोणी डुकरं हाकलतंय असं वाटलं."

धडा हाच. नुसता आवाज पुरत नाही. तो मदतीसाठी आहे हे कळले पाहिजे. डोंगरात जगभर मानलेली खूण अशी: एका मिनिटात सहा वेळा, म्हणजे दर दहा सेकंदांनी शिट्टी वाजवा किंवा टॉर्च दाखवा. मग एक मिनिट थांबा आणि पुन्हा सुरू करा. मिनिटात तीन वेळा उत्तर आले, तर तुमची खूण पोहोचली असे समजा. तरीही माणसे जवळ येईपर्यंत खूण चालू ठेवा. शिट्टी हाकेपेक्षा लांब जाते आणि घसाही वाचतो. दिवसा आरशाची तिरीप दूरवर दिसते. ओल्या पाल्याचा धूरही दिसतो, पण उन्हाळ्यात वणव्याचा धोका असतो, तेव्हा तो मार्ग नको.

आपल्या सिमला रेंज नसली, तरी दुसऱ्या कंपनीचा टॉवर आवाक्यात असेल तर ११२ लागू शकतो. बोलणे होत नसेल तर ओळखीच्यांना छोटा संदेश पाठवून पाहा; कधी कधी तो जातो. हेलिकॉप्टर आले तर दोन्ही हात वर पसरून उभे राहा. त्याचा अर्थ 'मदत हवी'. एकच हात वर करू नका. त्याचा अर्थ 'नको' असा घेतला जाऊ शकतो.

आणि सुरक्षित असाल तर जागा सोडू नका. २७ जुलै २०१९ रोजी वांगणीजवळ महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली, तेव्हा रेल्वेने प्रवाशांना गाडीतून न उतरण्याचे आवाहन केले. सुमारे १,०५० प्रवासी सुखरूप बाहेर आले. शोधणाऱ्यांना नेमकी जागा ठाऊक होती.

आपली जागा कोणाला ठाऊक असते? निघण्यापूर्वी कुठल्या वाटेने जाणार आणि केव्हा परतणार, हे घरी आणि पाड्यावर दोन्हीकडे सांगा. गळ्यात शिट्टी, पिशवीत टॉर्च ठेवा. ही सहाची खूण पाड्यावरच्या मुलांनाही शिकवा. त्या रात्री आम्हाला तेथीलच माणसांनी काढले. उद्या त्यांच्यापैकी कोणी अडकले, तर ती खूण आपल्यालाही ओळखता आली पाहिजे.