एका डिस्कच्या पडद्याआड

विद्यार्थ्यांचीं गुणपत्रकें ज्या संगणकावर असतात, त्याची एक डिस्क बिघडली तरी तीं शाबूत कशीं राहतात, हें आम्ही येथें सांगतों. १९८८ सालीं बर्कली येथील पॅटरसन, गिब्सन व कॅट्झ यांनीं ‘रेड’ ही रचना मांडिली. समजा, दोन डिस्कांवर ५ व ७ हे अंक असून तिसरीवर त्यांची बेरीज १२ ठेविली. ७ हरवले तर बाराांतून पांच वजा करून ते परत मिळतात. पांचव्या प्रकारच्या रेडचें तत्त्व साधारण असेंच आहे. दोन डिस्क गेल्या, तर मात्र सर्वस्व गेलें!

हें गणित ‘कंट्रोलर’ नांवाचें कार्ड करितें. लिनक्सच्या कर्नलमधील ‘मेगारेड एसएएस’ हा ड्रायव्हर त्याचा दुभाषी होय. कार्ड चार डिस्कांची एकच मोठी डिस्क बनवितें व ड्रायव्हर ती कर्नलपुढें ठेवितो. सोय खरी, पण आंत एक डिस्क मेली तरी लिहिणें-वाचणें बिनबोभाट चालतें, व वापरणारास पत्ताहि लागत नाहीं. (कार्डाचा भोंगा कटकट म्हणून बंद केला असल्यास मग विचारूंच नका!) म्हणून व्यवस्थापकानें ‘स्टोरसीएलआय’ या साधनानें प्रत्येक डिस्कची खुशाली कार्डासच विचारावी. बदललेली डिस्क पुन्हां भरण्यास कित्येक तास लागतात. तोंवर दुसरी टिकली पाहिजे.